ब्याण्णव टक्के समुद्र

वाघोलीतून समुद्र गाठायचा म्हणजे सगळं पुणं ओलांडायचं, घाट उतरायचा, वाटेत दोनदा चहा प्यायचा आणि अर्धा दिवस घालवायचा. तरीही गोरडे सागरी व अभियांत्रिकी विद्यापीठ वाघोलीतच उभं राहिलं, कारण आप्पासाहेब गोरड्यांची जमीन वाघोलीत होती. "विद्यापीठ जमिनीवर बांधतात, पाण्यावर नाही," असं आप्पासाहेब म्हणायचे, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. त्यांच्या वडिलांनी त्या जमिनीत बाजरी काढली. आप्पासाहेबांनी तिथे आधी दगडाची खाण चालवली, मग इमारती उभ्या केल्या, मग कॉलेज काढलं. विद्यापीठ म्हणजे त्यावरचाच एक मजला.

या विद्यापीठात आम्रपाली ओव्हाळ पीएचडी करत होती. त्याआधी ती खराडीच्या एका कंपनीत होती. माणसं मोबाइलवर किती वेळ अडकून राहतात हे मोजायचं आणि तो वेळ वाढवायचा, हे तिथलं काम. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या मुलीनं हे किती दिवस करावं? एका सकाळी तिनं राजीनामा दिला. तिची आई शालन पाटबंधारे खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त झालेली. ती एवढंच म्हणाली, "पगार गेला तरी चालेल, डोकं जाऊ देऊ नकोस."

आम्रपालीला मार्गदर्शक मिळाले डॉ. दिगंबर केळुसकर. सरांचं म्हणणं होतं, की जगात गोष्टी तीनच प्रकारच्या असतात. तरंगणाऱ्या, तापणाऱ्या आणि तुटणाऱ्या. तरंगणाऱ्यांचा सागरी विभाग, तापणाऱ्यांचा हवामान विभाग आणि तुटणाऱ्यांचा अभियांत्रिकी विभाग. तिन्हींच्या तळाशी गणित मात्र एकच, आणि ते फक्त सरांना सापडलेलं. त्या गणिताचं त्यांनी संगणकावर एक मॉडेल केलं होतं. त्याचं नाव त्रिवेणी. आकडे घातले की ते पुढचे आकडे सांगायचं. गाळ किती साचेल, उन्हाळा किती तापेल, क्रेनचा दांडा कधी मोडेल, काहीही विचारा. त्रिवेणीचं भाकीत आणि प्रत्यक्ष मोजमाप ब्याण्णव टक्के जुळायचं. या जोरावर सरांचे बरेच विद्यार्थी डॉक्टर झाले होते आणि प्रत्येकाच्या प्रबंधात पाचव्या प्रकरणाच्या शेवटी ब्याण्णव टक्के हा आकडा ठळक अक्षरात होता.

आम्रपालीचा विषय होता बदलत्या हवामानात बंदरावरच्या धक्क्यांचं आयुष्य किती. यात समुद्र होता, हवामान होतं आणि मोडणारा धक्काही होता. सर खूश झाले. "तिन्ही विभागांतून पैकीच्या पैकी," ते म्हणाले.

फरक एवढाच, की आम्रपाली खरंच समुद्रावर गेली. कोकणातल्या एका लहान बंदराच्या धक्क्याखाली तिनं पाणीपातळी मोजणारं यंत्र बसवलं, आणि तीन पावसाळे ती तिथे जाऊन-येऊन राहिली. खांबांना चिकटलेली कालवांची धारदार शिंपलं खरवडताना तिची बोटं कापली. कपड्यांना सुक्या मासळीचा असा वास बसला, की परतीच्या एसटीत शेजारची सीट रिकामीच राहायची. तिच्याच खोलीत बसणारा ऋषी वाळिंबे पवनचक्कीच्या पात्यांवर संशोधन करत होता, आणि त्यानं पवनचक्की पाहिली होती ती सातारा रस्त्यावरून, गाडीच्या खिडकीतून.

"अगं, पातं फिरतंच आहे," तो म्हणायचा. "मी जवळ जाऊन काय करू? वारा घेऊ?"

तिसऱ्या पावसाळ्यानंतर आम्रपालीनं आपले आकडे त्रिवेणीत घातले. ब्याण्णव टक्के. तिला मनापासून आनंद झाला. तिनं आईला फोन केला, कँटीनमध्ये ऋषीला मिसळ खाऊ घातली आणि परत येऊन सहज त्या दोन रेघा पुन्हा पाहिल्या. मोजलेल्या पाण्याची एक आणि त्रिवेणीच्या भाकिताची दुसरी. पाहता पाहता तिला वाटलं, भरती-ओहोटी दिवसातून दोनदा यायला हवी. ही रेघ सकाळी सातला धाडकन वर चढते आणि रात्रीपर्यंत उतरत जाते. हा कुठला समुद्र?

तो समुद्र नव्हता. ती राहत होती त्या सोसायटीची गच्चीवरची टाकी होती. वाघोलीत पाणी टँकरनं येतं, आणि टँकरवरून होणारी भांडणं मिटावीत म्हणून आम्रपालीनंच टाकीत तसलंच एक यंत्र बसवून दिलं होतं. दोन्ही फाइलींना तिनं 'पाणीपातळी' हेच नाव दिलेलं. घाईत भलतीच फाइल गेली होती.

चूक तिची होती, ती तिनं दुरुस्त केली. समुद्राची खरी फाइल घातली. ब्याण्णव टक्के. मग मात्र तिला स्वस्थ बसवेना. तिनं मार्केट यार्डातले कांद्याचे भाव घातले. ब्याण्णव टक्के. ऋषी तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत आला, तेव्हाचे त्याच्या नाडीचे ठोके घातले. ऋषी ब्याण्णव टक्के जुळला.

"बघ," ऋषी म्हणाला, "माझ्यातही समुद्र आहे."

आम्रपाली हसली नाही. खराडीत तिनं प्रोग्राम वाचायची सवय लावून घेतली होती. तिनं त्रिवेणी उघडून ओळ न् ओळ वाचायला घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला हवं ते सापडलं. त्रिवेणी भाकीत वगैरे काही करत नव्हती. मोजलेले आकडे ती चोरून बघायची, तेच उतरवायची, आणि संशय येऊ नये म्हणून आठ टक्के मुद्दाम चुकायची. परीक्षेत कॉपी करणारा हुशार मुलगा दोन उत्तरं ठरवून चुकवतो, तसं. आणि नक्कल करायला शेजारी कुणी नसलं, म्हणजे मोजलेले आकडे दिलेच नाहीत, तर त्रिवेणी शून्यावर एक सरळ रेघ मारून मोकळी व्हायची.

ती सरांकडे गेली. सर केबिनमध्ये सफरचंद सोलत होते. तिनं टाकीचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं, ऋषीचं सांगितलं. त्या ओळीही दाखवल्या. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"टाकीलाही लागू पडलं?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"आणि कांद्याला?"

"सर, म्हणूनच तर—"

"आम्रपाली, लोक आयुष्य घालवतात एका गोष्टीला लागू पडणारं गणित शोधण्यात. तू एका आठवड्यात तीन नव्या गोष्टी शोधल्यास. यावर पेपर लिही. शहरी पाणीसाठ्यांना सागरी मॉडेल. पहिलं नाव माझं घाल, दुसरं तुझं."

"सर, ते आकडे बघून लिहितंय."

सर नाराज झाले, की 'तू'वरून 'आपण'वर यायचे. "आपण घरी स्वयंपाक करता ना? चव बघून मीठ घालता की न बघता?" त्यांनी सफरचंदाची फोड तोंडात टाकली. "बघून लिहिण्यालाच विज्ञानात निरीक्षण म्हणतात. या आता."

आम्रपाली बाहेर आली. आपल्याला राग आलाय की हसू, हे तिला बराच वेळ कळेना. खोलीत जाऊन तिनं नवी फाइल उघडली, आणि चोरून न बघणारं, आपल्या बेताचं एक साधं मॉडेल स्वतः लिहायला बसली. भरती, वारा, लाटा आणि खांबांची झीज, बस्स. महिनाभर डोकं फोडून ते एकसष्ट टक्के जुळलं. पण ते एकसष्ट तिचे होते.

त्याच सुमाराला आप्पासाहेबांनी समुद्र आणायचा ठरवला.

प्रवेशाच्या दिवसांत पालक यायचे, आवार बघायचे आणि हमखास विचारायचे, "इथे पाणी कुठे आहे?" एका पालकांनी तर "प्यायचं तरी आहे का?" असं विचारलं. ते आप्पासाहेबांना लागलं. मैदानामागे तळं खणायचं ठरलं. पण वाघोलीच्या पोटात काळा दगड. साडेतीन फुटांवर खणणारी यंत्रं टणाटण वाजायला लागली, तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "बास. खोली कोण बघतंय?" शेततळ्याला अंथरतात तो काळा प्लॅस्टिकचा कागद तळाला अंथरला, आणि टँकर सुरू झाले.

टँकर कुठून आले, ते आम्रपालीला घरी कळलं. आठवडाभर सोसायटीत टँकर फिरकलाच नाही. शालन रोज फोन करायची. टँकरवाला म्हणायचा, "मॅडम, सगळ्या गाड्या समुद्राला लागल्यात." बासष्ट वर्षांची शालन खालच्या बोअरवरून बादल्या भरून चार जिने चढत होती, आणि तिची मुलगी ज्या विद्यापीठात समुद्र शिकत होती त्या विद्यापीठात तो भरला जात होता.

"तुमच्या सरांना विचार," शालन म्हणाली, "भांडी घासण्यापुरती ओहोटी इकडे सोडता येईल का."

तळ्याचं नाव ठेवलं विद्यासागर. पाठोपाठ बोट आली. कोकणातल्या खाडीत माणसांची ने-आण करणारी जुनी लाँच होती. ट्रेलरवर चढवून, घाटात वाहतूक खोळंबवून ती वाघोलीत आणली, पांढरा-निळा रंग दिला आणि कपाळावर नाव घातलं 'बायडाबाई'. बायडाबाई म्हणजे आप्पासाहेबांच्या मातोश्री. नव्वदीच्या पुढच्या, कणखर, आयुष्यात समुद्र न पाहिलेल्या. जलावतरणाच्या दिवशी पहिलं पाऊल त्याच ठेवणार होत्या.

आई बसणार म्हटल्यावर आप्पासाहेबांना शास्त्राची आठवण झाली. "डोलणार किती, बुडणार तर नाही ना, एवढं लेखी द्या," त्यांनी सरांना सांगितलं. सरांनी काम आम्रपालीकडे ढकललं. "त्रिवेणीत घाल आणि दुपारपर्यंत दे."

आम्रपालीनं बोट आधी डोळ्यांनी पाहिली, मग टेप घेऊन मोजली. वजन, लांबी, रुंदी, वर बसणारी माणसं. यासाठी मॉडेल लागत नव्हतं. शाळेत शिकवतात तेवढं पुरत होतं. माणसं बसली की त्या बोटीला तरंगायला पाच फूट पाणी हवं. तळं साडेतीन फूट. ती कागद घेऊन सरांकडे गेली.

"सर, बोट तरंगणार नाही."

"बुडेल?"

"बुडणारही नाही. तळाला टेकेल."

सरांनी विचार केला. "त्रिवेणी काय म्हणते?"

त्रिवेणीला नक्कल करायला काही नव्हतं. तिनं शून्यावर सरळ रेघ मारली होती. "डोलण्याचं प्रमाण शून्य," आम्रपाली म्हणाली.

"आणि टेकल्यावर बोट डोलेल का?"

"टेकल्यावर कशी डोलेल सर?"

"म्हणजे त्रिवेणी शंभर टक्के बरोबर आहे," सर म्हणाले. "तुझा हिशेब फाइलला लावू नकोस. आप्पासाहेबांनी डोलण्याचं विचारलंय, खोलीचं नाही."

ती थेट आप्पासाहेबांकडे जायला निघाली. त्यांच्या दाराबाहेर फेटे बांधणाऱ्यांची, मांडववाल्यांची आणि आचाऱ्यांची रांग होती. बऱ्याच वेळानं तिला आत घेतलं. आप्पासाहेब दिलदार माणूस, त्यांनी आधी तिला पेढा दिला. तिनं सांगितलं ते ऐकलं आणि हात जोडले.

"ताई, तुमचं बरोबर आसंल. पण आता पत्रिका वाटल्यात. आन् टेकली तर चांगलंच हाय की, आईला भ्या वाटायचं न्हाय."

खुद्द मालकालाच बोट टेकायला हवी होती. ती पेढा हातात घेऊन बाहेर आली.

जलावतरण थाटात झालं. मांडव, सनई, ड्रोन. प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त कप्तान हिंमतराव दाभाडे आले होते. जगातल्या निम्म्या बंदरांचं पाणी चाखलेला, उंच, मितभाषी माणूस. क्रेननं 'बायडाबाई' उचलली आणि अलगद तळ्यात सोडली. बोट थोडी खाली गेली आणि खालून 'खर्र' असा आवाज आला. सनईवाले जोरात होते, त्यामुळे तो फार जणांना ऐकू गेला नाही. बोट थांबली. अशी थांबली, की तिच्यावरचा पाण्याचा पेलासुद्धा हलेना.

बायडाबाईंना खुर्चीसकट वर घेतलं. पाठोपाठ पाहुणे, प्राध्यापक आणि निवडक पालक चढले. भोंगा वाजला. बोट जागची हलली नाही, पण सगळ्यांनी कठडे धरून ठेवले.

"कसं वाटतंय आई?" आप्पासाहेबांनी माइक पुढे केला.

"मला वाटलं व्हतं मळमळंल," बायडाबाई म्हणाल्या. "काय बी न्हाय झालं. ओट्यावर बसल्यावानी वाटतंय."

टाळ्या पडल्या. आप्पासाहेबांचे डोळे भरून आले. नव्वदीच्या आईला बोट लागली नाही, यापेक्षा मोठं शास्त्र कोणतं? केळुसकर सरांनी माइक घेतला आणि ही स्थिरता आपोआप आलेली नाही, त्यामागे त्रिवेणी आहे, हे सविस्तर सांगायला सुरुवात केली.

आम्रपाली काठावर ऋषीबरोबर उभी होती. तिचं लक्ष पाण्याकडे होतं. बोटीच्या बुडानं काळा कागद फाडला होता. कागदाखाली जुन्या खाणीच्या भेगा. काठावरची ओली रेघ हळूहळू उघडी पडत होती. सरांचं भाषण लांबलं तशी ती रुंद होत गेली. आता मांडवातल्या लोकांनाही काहीतरी जाणवायला लागलं. पाणी खाली जातंय असं मात्र कुणाला वाटलं नाही.

"बोट वर येतेय," पहिल्या रांगेतले एक पालक म्हणाले.

"भार पेलण्याची क्षमता वाढतेय," सर माइकवरून म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

हिंमतराव बोटीवरून उतरले ते शिडीनं नाही. त्यांनी कठड्यावरून सरळ खाली पाय टाकला, गुडघाभर पाण्यातून चालत ते काठावर आले आणि बूट काढून आम्रपालीच्या शेजारी बसले. तिच्या हातातला हिशेबाचा कागद त्यांनी पाहिला असावा.

"टेकली आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लिहून दिलं होतं."

त्यांनी मोज्यातलं पाणी पिळलं. "मी नोकरीत असताना बोट अशी टेकवली असती, तर चौकशी बसली असती. इथे शाल मिळाली." मग त्यांनी तिचा हिशेब मागून घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, की ती नेमकं कशावर काम करते. तिनं धक्क्याचं सांगितलं, एकसष्ट टक्क्यांचंही सांगितलं. जाताना त्यांनी तिला एक नाव आणि पत्ता दिला. कसबा पेठेत कल्याणी रानडे म्हणून एक बाई होत्या. लहान बंदरांच्या पाण्याची मोजमापं करायच्या. "तोंडाच्या फटकळ आहेत," हिंमतराव म्हणाले, "पण भिजायला घाबरत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यासागर कोरडा होता. मधोमध 'बायडाबाई' चिखलात उभी. पत्रकार येणार होते. केळुसकर सर पहाटेच हजर झाले आणि त्यांनी फलक बदलून घेतला. 'विद्यासागर जलाशय' जाऊन 'सागरी प्रशिक्षणाची सुकी गोदी' आली. बोटींची दुरुस्ती करायला पाणी काढून टाकतात त्या जागेला गोदी म्हणतात आणि आपल्याकडे ती नैसर्गिकरीत्या सुकते, असं त्यांनी पत्रकारांना समजावलं. हवामानबदलाचा जलसाठ्यांवर होणारा परिणाम मुलांना प्रत्यक्ष बघता येईल, हेही सांगितलं. तिन्ही विभागांना पैकीच्या पैकी.

महिन्याभरानं आम्रपालीचं सादरीकरण झालं. प्रबंध द्यायच्या आधी संशोधन समितीसमोर उभं राहायचं असतं. तिनं ठरवून दोन्ही गोष्टी मांडल्या. स्वतःचं एकसष्टचं मॉडेल, आणि त्रिवेणी कशी चालते ते. खात्री पटावी म्हणून तिनं समितीच्या सभासदांच्या उंच्या विचारल्या, ते ज्या क्रमानं बसले होते त्याच क्रमानं त्रिवेणीत घातल्या आणि पडद्यावर रेघ दाखवली. ब्याण्णव टक्के.

समिती पडद्याकडे बघत राहिली. सर्वांत ज्येष्ठ सभासद चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे हे आमच्यावरही चालतं."

"कशावरही चालतं सर. कारण ते काही करतच नाही."

"विनय चांगला आहे," दुसरे सभासद म्हणाले, "पण तुमचं स्वतःचं काम एकसष्टच आहे. इतरांचं ब्याण्णव असताना एकसष्टला डॉक्टरेट दिली, तर बरं दिसेल का?"

समितीनं शेरा लिहिला. त्रिवेणी प्रतिमानाची व्याप्ती कौतुकास्पद, विद्यार्थिनीनं निकालात सुधारणा करावी.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ होता. "त्रिवेणी कशी चालते ती एक स्लाइड काढून टाक. फक्त एक. निकाल त्रिवेणीचा घाल, बाकी सगळं तसंच राहू दे. सहा महिन्यांत तू डॉक्टर होशील." सर पुढे झुकले. "तुमच्यासारख्या घरातली मुलगी इथपर्यंत आली, हे सोपं नसतं. ते असं वाया घालवू नये."

आम्रपालीच्या कानशिलात काहीतरी तापलं. तिला बरंच काही बोलता आलं असतं. ती "विचार करते सर" म्हणाली आणि उठली. वळताना तिला स्वतःच्याच आवाजाचा राग आला.

बाहेर ऋषी वाट बघत होता. त्याचा प्रबंध देऊन झाला होता, मौखिकीची तारीख लागायची होती. "अगं, आधी डिग्री घे आणि मग खरं बोल," तो कळवळून म्हणाला. "डॉक्टरांचं खरं जास्त खरं असतं."

"आणि तेव्हा माझ्या पाचव्या प्रकरणात काय असेल?"

ऋषीनं खिडकीबाहेर पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. "ब्याण्णव," तो म्हणाला, आणि त्यानंतर त्या विषयावर बोलला नाही.

घरी शालन गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. आम्रपालीनं सगळं सांगितलं, सरांचं ते वाक्यही. शालनच्या हातातली शेंग अर्धवट मोडून थांबली.

"तुझ्या आजोबांना मास्तरांनी वर्गाच्या बाहेर बसवलं," ती म्हणाली. "कचरूबाबा बाहेर बसून शिकले, पण शेजाऱ्याच्या पाटीत बघून नाही शिकले. बाहेर शेजारी होताच कोण?" तिनं शेंग मोडली. "तुला डॉक्टर व्हायचंय का?"

"हो."

"मग हो. पण तिथून नको. लोकांनी विचारलं कुठून केलंस, तर मला ती चिखलातली बोट सांगायची लाज वाटेल."

आम्रपालीनं नोंदणी रद्द करायचा अर्ज दिला. विद्यापीठानं तो इतक्या तत्परतेनं मंजूर केला, की तिला जरा वाईटच वाटलं.

कसब्यात तिला पत्ता सापडायला वेळ लागला. तांब्याची भांडी ठोकणाऱ्या दुकानांच्या गल्लीत एका अरुंद जिन्यावर कल्याणीबाईंच्या दोन खोल्या होत्या. खालून ठोकाठोक सतत चालू असल्यामुळे वर सगळे ओरडूनच बोलायचे. कल्याणीबाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. त्यांनी आम्रपालीला बस म्हटलं नाही. लॅपटॉप उघडायला लावला आणि तीन पावसाळ्यांचे आकडे सरकवत सरकवत पाहिले.

"यंत्र कुठल्या खांबाला लावलं होतं?"

"चौथ्या. आतल्या बाजूनं."

"का?"

"तिथे लाटांचा मार कमी लागतो. यंत्र सुरक्षित राहतं."

"लाटांचा मार मोजायचा होता ना आपल्याला?"

आम्रपालीनं पडद्यावरचे लाटांचे आकडे पुन्हा पाहिले. तीन पावसाळे, कापलेली बोटं, एसटीतली ती रिकामी सीट. यंत्र आडोशाला लावलं होतं. सरांनी हे तिला कधी विचारलं नव्हतं. त्रिवेणीला तर फरकच पडणार नव्हता. खराडीतल्या नोकरीवर पाणी सोडून आलेल्या बाईला एवढी साधी गोष्ट सुचू नये? केळुसकरांसमोर तापलं होतं तिथेच, कानशिलांत, पुन्हा तापलं, पण आता ते स्वतःसाठी होतं.

"म्हणजे सगळं फुकट गेलं," ती म्हणाली.

"सगळं नाही. भरती-ओहोटी बरोबर आहे. वारा बरोबर आहे. लाटा चुकल्यात." कल्याणीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "हे मॉडेल कुणी लिहिलं?"

"मी."

"आडोशाचे आकडे घेऊन एकसष्ट आणलेस. बरं लिहिलंयस." त्या खालच्या ठोकाठोकीपेक्षा मोठ्यानं ओरडून म्हणाल्या, "सोमवारपासून ये. पीएचडीचं नंतर बघू. आधी ते यंत्र बाहेरच्या बाजूला लाव."

पावसाळा संपता संपता आम्रपाली पुन्हा त्या धक्क्याखाली होती. यंत्र बाहेरच्या खांबाला बांधताना एक लाट तोंडावर यायची, दुसरी पाठीवर. दुपारी शालनचा फोन आला. वाघोलीच्या चौकात मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर ऋषीचा फेट्यातला फोटो होता, खाली 'डॉ. ऋषी वाळिंबे यांचे हार्दिक अभिनंदन', आणि बाजूला नवे कुलगुरू म्हणून केळुसकर सरांचा, थोडा मोठा.

"ऋषीला माझ्याकडून सांग, छान दिसतोय," आम्रपाली म्हणाली. ते तिनं खरंच मनापासून म्हटलं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"सांगते. तू कुठे आहेस? आवाज नीट येत नाहीये."

"कंबरभर पाण्यात."

"मग बोलतेस काय एवढी," शालन म्हणाली. "ठेव फोन. पडेल."